गळ्यावरची रेघ

सरस उकळायला ठेवला की गल्लीला कळायचं, पेंटरभाऊंकडे नवा पडदा आला. जनावरांच्या हाडा-कातड्याचा तो गोंद चुलीवरच्या डब्यात रटरटत असे आणि बाजूच्या वैलावर अम्मीचा भात शिजत असे. पाहुणे नाकाला पदर लावून बसत, अन् चार घास खाऊन उठत. आम्हा भावंडांना मात्र तो वास आला की बरं वाटायचं. सरस म्हणजे काम, आणि काम असलं की अब्बा गुणगुणत. एरवी ते दुकानांच्या पाट्या रंगवत, बैलगाडीच्या धुऱ्यांवर मोर काढत. पण त्यांचा जीव होता नाटकाच्या पडद्यांत. दिवाळी झाली की आमच्या वडसा गावातून नाटकमंडळ्या ट्रकमध्ये बसून झाडीपट्टीभर निघायच्या, आणि त्यांतल्या निम्म्या ट्रकांत बांबूला गुंडाळलेले अब्बांचे पडदे असायचे. दरबार, जंगल, रस्ता, झोपडी. नट बदलत, नाटकं बदलत, दरबार तोच राहायचा.

आमचं घर राइस मिलच्या मागच्या भिंतीला टेकून होतं. नवा धान यायच्या आधी मिलचं गोदाम रिकामं असे, तेवढ्या अवधीत मालक ते अब्बांना वापरू देत. तिथे मांजरपाट पसरून, त्यावर खळ चढवून, पिवडी, गेरू, काजळ, नीळ अशा पुड्या सरसात कालवून अब्बा कामाला लागत. झाडं, डोंगर, खांब ते डोळे मिटूनही काढतील. चेहरा मात्र त्यांना मनाने काढता येत नसे. समोर जिवंत माणूस बसल्याशिवाय त्यांच्याकडून नाक उमटत नसे. म्हणून ते गल्लीतल्या कुणालातरी बोलावून गोणपाटावर बसवत. याला आमच्याकडे ‘चेहरा देणं’ म्हणत. मिलचा हमाल एका दरबारात प्रधान होता. शेजारच्या इंदूबाई एका झोपडीच्या दारात सूप घेऊन बसल्या होत्या. चौकातला पानवाला गोविंदाभाऊ तर तीन पडद्यांत होता, आणि गिऱ्हाइकाला पान लावता लावता तो हे सांगितल्याशिवाय राहत नसे. दूरच्या खेड्यात शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला आणि रात्रीच्या नाटकाला, गेलेलं कुणी परत येऊन ‘तुले पाह्यलं बा’ असं म्हणालं की त्या माणसाची छाती फुगायची. चेहरा देणं हा मान होता. आज माझ्या फ्लॅटच्या जिन्यात कॅमेरा बसवलाय, येता-जाता चेहरा तो घेतोच, कुणी विचारतही नाही. तेव्हा मला ते गोणपाट आठवतं.

आता रेघेचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. माझे मामू आरमोरीला असत, स्टोव्ह दुरुस्त करत. माणूस कडक. जिवंत प्राण्याचं चित्र काढणं त्यांना मंजूर नव्हतं. ते सांगत, कयामतच्या दिवशी अशा चित्रकाराला म्हणतील, काढलंस ना, आता घाल यात जीव, आणि तो घालू शकणार नाही. अम्मी घाबरून जायची. अब्बा ऐकून घ्यायचे आणि ब्रश धुवायचे. शेवटी मामूंनीच कुठल्याशा बुजुर्गाकडून तोड आणली. प्रत्येक आकृतीच्या गळ्यावर एक आडवी रेघ मारायची, म्हणजे ती जिवंताची तस्वीर राहत नाही. अब्बांना ते पटलं. पडदा पुरा झाला की सगळ्यांत बारीक ब्रश पातळ निळीत बुडवून ते एकेका गळ्यावर केसाएवढी रेघ ओढत. राजाची रेघ कंठ्याखाली लपे, ऋषीची दाढीत, बाईची गळसरीत. मी एकदा विचारलं, ही नाही मारली तर काय होईल. ते हसले. म्हणाले, “जान येईन त्याइच्यात, बेटा. मंग ते पडद्यात राह्यतीन काय? कुठी जातीन, काय करतीन, आपल्या हातात नाई राह्यत.” मी घाबरले नाही, मला ती गंमत वाटली. कित्येक दिवस मी शाळेच्या पुस्तकातल्या थोर माणसांच्या गळ्यांवर पेन्सिलीने रेघा ओढत होते आणि त्यासाठी गुरुजींच्या छड्याही खाल्ल्या.

हे झालं त्या वर्षी रेडिओवर दंग्यांच्या बातम्यांत सारखी कुठल्यातरी दूरच्या गावांची नावं येत, आणि ती आली की अब्बा आवाज कमी करत. आमच्याकडे काही नव्हतं. पण हवा लागतेच. दसऱ्याच्या सुमारास मंडळीचे मालक नानाभाऊ आले, अब्बांचे जुने दोस्त, पोटाने आणि आवाजाने मोठे. चहा घेत म्हणाले की लोकांना आता सासू-सुना नको आहेत, इतिहास पाहिजे. नव्या नाटकात सुलतानाची फौज देऊळ फोडते असा सीन होता, आणि त्यासाठी अख्खा पडदा पाहिजे होता: देऊळ, पळणारे भक्त, हातोडा उगारलेला सरदार. अम्मी आतून ऐकत होती. नानाभाऊ गेल्यावर तिने एकच विचारलं, हेच काम घ्यायचं होतं का. अब्बा म्हणाले, नाटक आहे, चित्रातला हातोडा कुणाला लागत नाही. ती म्हणाली, “चित्रातला नाही लागत. पाहणाऱ्याच्या हातातला लागतो.” तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पुढचं दिसायचं तिला, आणि त्याचा आम्हाला नेहमी राग यायचा.

देवळाचा प्रश्न अब्बांना पडलाच नाही. त्यांनी आयुष्यात नीट पाहिलेलं मोठं देऊळ एकच, मार्कंड्याचं. महाशिवरात्रीच्या जत्रेत ते दरवर्षी पाळण्यांवर रंगकाम करायला जात, आणि दुपारी वैनगंगेच्या काठी बसून त्या देवळाच्या भिंतीवरचे हत्ती, अप्सरा, खांब उतरवून घेत. तेच त्यांनी पडद्यावर काढलं, कोरीव काम इतकं उतरलं की मिलचे हमाल कामं टाकून बघायला येत. भक्तांचे चेहरे भरभर मिळाले, मिलचा हमाल, इंदूबाईंचा दीर असे. गोविंदाभाऊ उघड्या अंगाचा, मान मागे टाकलेला पुजारी झाला. पायरीवर बसून रडणारी मुलगी म्हणून मला बसवलं. रडू येईना तेव्हा अम्मीने कांदा आणून दिला. अडलं ते सरदारापाशी. ज्याला विचारावं तो हात जोडी. मिलच्या मुकादमाला विचारलं तर म्हणाला, मला राजा करा, भिकारी करा, हे नको. आमच्या मशिदीत येणाऱ्या दोघा-तिघांना विचारलं, ते दाढीवरून हात फिरवून निघून गेले. शेवटी अब्बांनी दाढीचा आरसा खिळ्याला टांगला आणि स्वतःचा चेहरा काढला. उजव्या भुवईत लहानपणीची खोक होती, तीसुद्धा काढली. मी विचारलं, अब्बा तुम्ही वाईट का झालात. ते म्हणाले, कुणीतरी व्हावं लागतं, नाहीतर नाटक कसं होणार.

पडदा पहिल्यांदा टांगला तो मिलच्या अंगणात, भर दुपारी. नानाभाऊंनी हँडबिलासाठी स्टुडिओवाल्याला आणलं होतं, त्याने फोटो काढले. सगळे वाहवा करत होते. तेवढ्यात ब्रह्मपुरीकडून धान घेऊन आलेला एक गाडीवान बैल सोडता सोडता थबकला आणि म्हणाला, “हे तं आपलं मार्कंडा व्हय.” सरदाराकडे बोट करून त्याने पुढे विचारलं, “म्हंजे ते यायनं फोडलं काय?” मिलमधल्या एका म्हाताऱ्याने त्याला सांगितलं की बावा, वीज पडून त्याचा काही भाग ढासळला होता, माझा आजा सांगत असे, हा नाटकाचा पडदा आहे. गाडीवानाने मान हलवली. पण त्याची नजर पडद्यावरच होती, आणि विजेचं चित्र काही तिथे नव्हतं. अब्बा तेव्हा दोरीची गाठ बांधत होते. त्यांनी हे ऐकलं की नाही मला आजतागायत माहीत नाही.

नाटक जोरात चाललं. देऊळ फोडायच्या सीनला लाल दिवा टाकत, आणि लाल उजेडात निळा रंग काळा दिसतो, हे अब्बांच्या ध्यानात आलं नव्हतं. राजांच्या रेघा दागिन्यांत लपत होत्या; हे भक्त तर उघड्या गळ्याचे, माना मागे टाकून पळणारे. प्रत्येक गळ्यावर एक काळी आडवी चीर उमटत होती. दूरच्या प्रेक्षकांना वाटलं, पेंटरने गळे चिरलेले दाखवले, काय कमाल केली. ओळखीच्यांना मात्र ते फक्त भक्त नव्हते. त्यांना तिथे मिलचा हमाल दिसत होता, इंदूबाईंचा दीर दिसत होता, गोविंदा दिसत होता. आणि नेमका त्याच थंडीत गोविंदाभाऊचा घसा सुजला. आवाज बसला तो बसलाच, पाणी गिळवेना. पानठेल्यावर त्याचा मेव्हणा बसू लागला. आमच्या भागात माणूस आजारी पडला तर आधी डॉक्टर नाही, आधी ‘कुणी केलं’ हे शोधतात. अजूनही शोधतात, मला शिक्षिकेची नोकरी संपवून इतकी वर्षं झाली तरी ते बदललेलं मी पाहिलेलं नाही.

आम्हाला कुणी काही बोललं नाही. तेच जास्त होतं. दूधवाला दारातून हाक न मारता भांडं ठेवून जाऊ लागला. हापशीवर माझ्या मागची बाई घागर उचलून थोडी लांब उभी राहायची. शाळेत गोविंदाभाऊचा प्रकाश माझ्या बाकावर बसायचा, त्याने दप्तर उचललं आणि मागे जाऊन बसला. मास्तरांनी विचारलं तर म्हणाला, तिथे ऊन येते. अम्मीने आम्हाला गल्लीबाहेर जायला बंदी केली आणि कारण सांगितलं नाही. मिलचा धडधडाट दिवसभर असायचा म्हणून बरं, तो संध्याकाळी थांबला की घरात आमचं जेवतानाचं ताटसुद्धा मोठ्याने वाजल्यासारखं वाटायचं. आणि मशिदीतल्या त्या दाढीवरून हात फिरवणाऱ्यांपैकी एक जण एकदा दारात येऊन अब्बांना म्हणाला, तुमच्या ब्रशापायी आम्हाला निस्तरावं लागेल. म्हणजे मशिदीतलेही दुरावले. अब्बांच्या बाजूला आता फक्त सरसाचा डबा राहिला होता.

दवाने रंग सुटला म्हणून तो पडदा दुरुस्तीला घरी आला होता, तेव्हा ते आले. दुपारची वेळ होती, अंगणात पडदा पसरलेला होता आणि अब्बा देवळाचा कळस जुळवत होते. गोविंदाभाऊ, त्याचा मेव्हणा, गल्लीतले काही जण, आणि मी कधी न पाहिलेले काही. त्या न पाहिलेल्यांची मला भीती वाटली. ओळखीची माणसं खाली बघत होती, ते घराकडे बघत होते, दारं किती, खिडक्या किती, असं. गोविंदाभाऊच्या गळ्याला फडकं बांधलेलं होतं. तो अब्बांच्या समोर उकिडवा बसला. आवाज कसला, नुसती हवा येत होती.

“भाऊ, माह्या गळ्यावर रेघ काऊन मारली?”

अब्बांनी ब्रश ठेवला. मला वाटलं ते काहीतरी सांगून वेळ मारून नेतील, रंगाचा डाग आहे म्हणतील. पण त्यांना खोटं बोलता येत नसे, जसा मनाने चेहरा काढता येत नसे. त्यांनी खरं ते सांगितलं. “सगळ्याइच्याच मारतो, गोविंदा. जान येऊ नाई म्हनून.”

मग मेव्हणा मागे वळून त्या अनोळखी लोकांना म्हणाला, “आयकलं? जान राहू नाई म्हनून. सोता कबूल करून राह्यला.” अब्बा ‘राहू’ नाही, ‘येऊ’, असं समजावू लागले, चित्रात, माणसात नाही. जितकं समजावत तितकं ते वाईट होत गेलं. एका शब्दाचा फरक होता, आणि तो ऐकायला तिथे कुणीही आलेलं नव्हतं. अनोळखी माणसांपैकी एकाने सावकाश वाकून दारातली कुऱ्हाड उचलली, आमचीच, सरपणाची, आणि धार अंगठ्याने पाहून पुन्हा तिथेच टेकवून ठेवली. अम्मीने मला दंडाला धरून दाराआड ओढलं. तिची बोटं दुसऱ्या दिवशीपर्यंत माझ्या दंडावर दिसत होती.

तेवढ्यात इंदूबाई कुंपणावरून आल्या. धानाच्या रोवणीपासून चुरणीपर्यंत सगळी कामं करणारी बाई, बुद्धविहारात सगळ्यांच्या पुढे बसायची, कुणाचं ऐकून घ्यायची नाही. सरळ पडद्यावर चढल्या, खाली बसून पुजारी पाहिला, मग पायरीवरची मुलगी पाहिली, मग सरदार.

“पोरीच्या गळ्यावर हाये,” त्या म्हणाल्या. “याच्या सोताच्या गळ्यावर हाये. कोनता बाप आपल्या पोरीवर करनी करते? सांग न गोविंदा, तुलेबी लेकरं हायेत.”

गोविंदाभाऊ गुडघ्यांवर पुढे सरकला आणि त्यानेही पाहिलं. मला त्याचा चेहरा आठवतो. त्याला पटलं होतं, आणि तरी भीती गेली नव्हती. दोन्ही एका माणसात मावतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्याने अब्बांचे पाय धरले. म्हणाला, मले मालूम हाये तू तसा नाईस, पन माही तेवढी पुसून टाक भाऊ, मी रात्री झोपत नाई. गावात भांडण नको होतं त्याला. त्याला फक्त आपला गळा पाहिजे होता. अब्बांपुढे आता दोनच वाटा होत्या: रेघ पुसावी आणि आयुष्यभर ज्याला भ्याले ते करून बसावं, किंवा नाही म्हणावं आणि त्या अनोळखी माणसांना कुऱ्हाड पुन्हा उचलू द्यावी. त्यांनी देवळाच्या अर्ध्या जुळलेल्या कळसावरून बोट फिरवलं. त्यांच्या हातून इतकं चांगलं दुसरं काही झालं नव्हतं, हे त्यांना माहीत होतं, आम्हालाही.

“रेघ पुसता येत नाई, गोविंदा,” ते म्हणाले. “चेहरा पुसता येते.”

त्यांनी पडद्याची दोन टोकं धरली, अम्मीने बाहेर येऊन दोन धरली, तिने डोक्यावरचा पदर दातात धरला होता. हापशीवर नेला. इंदूबाईंनी दांडा हाणायला सुरुवात केली. सरसाचा रंग पाण्याला टिकत नाही. गेरू आधी गेला, मग पिवडी, हत्ती गेले, अप्सरा गेल्या, गोविंदाभाऊचं नाक गेलं, मी गेले. अब्बा हातानेच चोळत होते. लाल पाणी नालीतून गल्लीभर वाहिलं आणि लोक आपापल्या दारात पाय वर घेऊन उभे राहिले. शेवटी पांढरा मांजरपाट उरला. पण नीळ कापडात मुरते. कापड वाळल्यावर दिसलं, माणसं गेली होती आणि रेघा तशाच होत्या, बारीक, फिकट, कुणाच्याही गळ्याशिवाय.

गोविंदाभाऊ इंजेक्शनांनी बरा झाला. त्याने पुढे कित्येक वर्षं अम्मीला फुकट सुपारी पाठवली, आणि अम्मीने ती घेतली. नानाभाऊंनी नागपूरहून छापील पडदा आणला. अब्बांनी मात्र नंतर चेहरा काढला नाही. जंगलं काढली, रस्ते काढले, नुसते, माणसाशिवाय. लोक म्हणत, पेंटरभाऊंच्या रस्त्यावर कुणी दिसत नाही. त्या मांजरपाटाची अम्मीने गादीची खोळ शिवली. लग्न होईपर्यंत मी तिच्यावर झोपले. गोणपाट गुंडाळून भिंतीशी ठेवलेलं होतं, त्यावर पुन्हा कुणी बसलं नाही, आणि गल्लीत कुणी एकमेकांच्या चेहऱ्याची थट्टा करेनासं झालं. दंगा झाला नाही आमच्याकडे, असं सगळे अभिमानाने सांगतात. खरंच आहे. झाला नाही.

हे सगळं मी लिहिणार नव्हते. मेलेल्यांची उणीदुणी काढू नयेत, असं मी स्वतःच म्हणत असते. पण मागच्या महिन्यात आमच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर सकाळी एक चित्र आलं. खाली लिहिलं होतं: मार्कंडा कसं फोडलं, अस्सल प्राचीन चित्र, दडवलेला इतिहास, पुढे पाठवा. पाठवणारा प्रकाश, माझ्या बाकावरून उठून गेलेला. त्याच्याकडेही ते कुठूनतरीच आलं असणार. पाठवणारा चित्र बघत नाही, तो पाठवतो. मी चष्मा बदलला. देऊळ ओळखलं, हत्ती ओळखले. कुणीतरी तो स्टुडिओतला जुना फोटो काढून, काँप्युटरवर घासून-पुसून, त्यात झगझगीत रंग भरले होते. मी दोन बोटांनी मोठं केलं. मान मागे टाकलेला पुजारी, प्रकाशचा बाप. पायरीवर कांद्याने रडणारी मी. हातोडा उगारलेले अब्बा, उजव्या भुवईत खोक, आणि त्यांच्या खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी प्रकाशला लिहिलं, पुजाऱ्याचा चेहरा मोठा करून पाह्य. दोन निळ्या खुणा उमटल्या. मग मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं आणि मी पुन्हा चित्र उघडलं. पुजाऱ्याचा गळा पाहिला. माझा पाहिला. मग अब्बांचा, फोन पार डोळ्यांशी नेऊन. चित्र साफ करणाऱ्यांना तो कचरा वाटला असणार. गोविंदाभाऊ ज्यासाठी अब्बांच्या पाया पडला होता ते कुणीतरी सहज करून टाकलं होतं. एकाही गळ्यावर रेघ नव्हती.